चाकाचा आऊट

फुलेवाडीकडून रंकाळ्याकडे येत असताना गेल्या आठवड्यात एका दुपारी पाण्याने भरलेल्या खड्ड्याने मला फसवले. वरून ते साधे डबके दिसत होते, आणि श्रावणात डबक्यांना भिऊन गाडी चालवायची म्हटली, तर कोल्हापुरात माणसाने घराबाहेरच पडू नये. 'धाड्' असा आवाज झाला, मागच्या सीटवरची भाजीची पिशवी खाली कलंडली आणि नंतर गाडीत ती ओळखीची शांतता पसरली, जिच्यात आपण श्वास रोखून, स्टिअरिंगवर हात ठेवून चाकाची नाडी पाहत असतो. रंकाळ्याच्या काठाला लागेपर्यंत स्टिअरिंग तळहातात थरथरू लागले होते.

भर पावसात स्टेपनी चढवली. 1904 साली वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून निघालेल्या जादा चाकाचे हे नाव तिकडे आता फारसे कोणी घेत नाही. आपण मात्र ते घरच्या माणसासारखे सांभाळले आहे. जायबंदी चाक डिकीत टाकले आणि शिवाजी उद्यमनगर गाठले.

तिथल्या एका पत्र्याच्या शेडमधल्या पोराने चाक मशीनवर चढवून फिरवले आणि फिरत्या रिमच्या आतल्या काठाजवळ खडू धरला. चाक सगळीकडे गोल असते तर खडूला काहीच लागले नसते. पण दर फेऱ्याला 'टिक्' असा आवाज होत होता आणि थांबवल्यावर काठावर वीतभर पांढरा ओरखडा दिसला.

"आऊट आलाय काका, आतल्या बाजूनं. काढून देतो की."

चाकाच्या वाकडेपणासाठीचा हा शब्द मी सायकलच्या दुकानात शिकलो. तारा आवळून आणि सैल करून चाकाचा आऊट काढणारा माणूस पाहत मी तासन्‌तास उभा राहत असे, आणि क्रिकेटमधल्या आऊटशी या आऊटचे काही नाते असेल, असे मला तेव्हा चुकूनही वाटले नव्हते.

टायर मात्र वाचला नाही. त्याच्यावर 185/65 आर 15 असे लिहिलेले आहे, म्हणजे 185 मिलिमीटर रुंदीच्या 65 टक्के उंची: रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम 12 सेंटिमीटर रबर आणि हवा. खड्ड्याची कडा आणि रिम यांच्या चिमट्यात ते सापडले, आतले धागे तुटले आणि बाजूला लिंबाएवढा फुगा आला. मी थोडी घासाघीस करून पाहिली. अशा वेळी आपण डॉक्टरशीही करतो तशीच. पोराने फुग्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली. रिम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्यामुळे तडा गेला आहे का, ते त्याने आधी नीट पाहिले, कारण ही देखणी चाके पोलादी डिस्कसारखी मुकाट्याने वाकतीलच असे नाही. तडा नव्हता. मग त्याने काठ गॅसच्या ज्योतीवर तापवला आणि जॅकचा दांडा हळूहळू दाबायला सुरुवात केली.

त्या तापल्या धातूच्या वासाने मला थेट भोगावतीकाठच्या आजोळी नेऊन सोडले. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे बाभळीचे लाकूड वाळून आकसायचे आणि त्यावरची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, खुळखुळू लागायची. चार दिवस चाक ओढ्यात भिजत ठेवूनही भागले नाही, की लोहाराच्या दारात शेण्यांचे वर्तुळ पेटायचे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करून घ्यायची, लालबुंद तापवून फुगवायची आणि तिघांनी सांडशीने उचलून लाकडावर बसवायची. लाकूड पेट घेई, आजोबा ओरडत, घागरीमागून घागर रिकामी होई, आणि पांढऱ्या वाफेच्या लोटात धाव आवळत जाताना कडेचे पाटे, आरे, मधला तुंबा सगळे एकमेकांत करकचून बसताना त्यांचा आवाज येई. आम्हा पोरांना दहा पावलांच्या आत यायला बंदी होती, म्हणून आम्ही आठ पावलांवर उभे राहायचो. वाफ विरल्यावर लोहार प्रत्येक आऱ्यावर हातोडी वाजवून कान देई. एखादा आरा बद्द बोलला, तर आजोबांचा चेहराही तसाच होई.

"काका, बघा आता." खडू फिरत होता आणि आवाज नव्हता. नवा टायर चढवून त्याने काठावर साबणाचे पाणी सोडले. बुडबुडा आला नाही. बॅलन्सिंगच्या मशीनने आधी 35 ग्रॅम दाखवले, दोन वजने ठोकल्यावर 00.

संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी निघालो. खड्ड्यात कोणीतरी झाडाची फांदी रोवली होती. ती चुकवताना पुढची स्कूटर शेजारच्या खड्ड्यात गेली. चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकवले, पुढे उभ्या असलेल्या पोराला छातीशी धरले, कसाबसा तोल सावरला आणि तो निघून गेला. पोराची निळी पाण्याची बाटली घरंगळत माझ्या गाडीपुढे आली. मी उतरून ती उचलेपर्यंत ते दोघे दिसेनासे झाले होते.

चार दिवस त्याच वेळी तिथे थांबून पाहिले. बाटली अजून शेजारच्या सीटवर आहे. चाक आता काहीच आवाज करत नाही, त्यामुळे वळणावर तिच्यातले पाणी हललेले स्पष्ट ऐकू येते.