एन-१ ठेवूनही निळा पडदा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९.३९. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक अपडेट फाइल आली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. फाइलमधला नवा नियम २१वी नोंद तपासायला गेला. सेन्सर, म्हणजे संगणकावर बसवलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर, देत होता २०च. कोड कर्नलमधला, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातला, त्यामुळे थेट निळा पडदा, अख्खं यंत्र बंद. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली म्हणे, पण पडलेल्या यंत्राला ते कळणार कसं? मग सेफ मोड (विंडोज कमीत कमी गोष्टींसह सुरू करणं), ड्रायव्हर्समधलं क्राउडस्ट्राइक फोल्डर, २९१ क्रमांकाची फाइल उडवा, रीस्टार्ट. बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर आधी ४८ अंकी की टाइप करा, तीही प्रत्येक यंत्राची वेगळी! 'आम्ही एक आवृत्ती मागेच राहतो' (म्हणजेच एन-१) म्हणणारे शहाणेही सुटले नाहीत: ती सोय तेव्हा सेन्सरच्या आवृत्तीपुरती होती, या फाइली सरसकट सगळ्यांना जायच्या.