काका, लाइट घ्या!

नाटकवाल्यांत 'लाइट घेणं' असा एक शब्दप्रयोग आहे. नट बोलता बोलता अर्धा फूट सरकतो, चेहऱ्यावर प्रकाश नीट येतो आणि माणूस सरकला हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. जुने नट हे वर न बघता करतात. कसं करतात, हे पंचवीस वर्षं लाइट लावूनही मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

5 नोव्हेंबर होता. 1843 साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन, आणि आमच्या भागातल्या लाइटवाल्याला त्या दिवशी घरी बसायला मिळत नाही. सांगलीत भावे गौरवपदकाचा सोहळा, आणि आजूबाजूच्या गावांत हौशी मंडळींचे आपापले प्रयोग. माझ्याकडे त्या वर्षी अशाच एका संस्थेच्या तीन एकांकिका होत्या. नाट्यगृह नव्हे, सभागृह. साडेतीन फूट उंचीचं स्टेज आणि लग्नकार्याला पुरेल एवढंच वायरिंग. म्हणून जुने हजार वॉटचे स्पॉट गोडाऊनला ठेवून नवे एलईडीचे 'पार' दिवे नेले होते. आठही लावले तरी 1200 वॉट, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरची भानगड नाही, दिव्यापुढचा रंगीत जिलेटिन कागद जळायची भीती नाही. रंग हवा तो बटणावर. भाडंही संस्थेला परवडणारं. मी खूश होतो.

पहिली एकांकिका कॉलेजच्या पोरांची, दुसरी महिला मंडळाची. दोन्हींबद्दल फार सांगण्यासारखं नाही; पोरं ओरडली जास्त, बायका पाठांतरात पक्क्या. तिसरीत दोनच पात्रं, एक आजोबा आणि त्यांची नात. आजोबांचं काम करणारे काका सत्तरीच्या पुढचे. साखर कारखान्यात हिशेबनीस होते आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर तरुणपणापासून उतरलेले. त्यांच्या तोंडून वाक्य निघालं की चहा नेणारा पोरगाही थांबायचा.

पण सकाळच्या टेक्निकलला, म्हणजे लाइट-साउंडसकटच्या तालमीला, काका लाइटमध्ये येईनात. मधला गोल एका जागी आणि काका त्याच्या दोन फूट डावीकडे, अंधारात तोंड करून उत्तम अभिनय करताहेत. दिग्दर्शिका खालून ओरडली, "काका, लाइट घ्या!"

"कुठाय?" काकांनी विचारलं.

सगळे हसले. काकांनी विनोद केला असंच मलाही वाटलं. पण खिडकीपाशीही तेच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा दिग्दर्शिका वैतागली आणि मला म्हणाली, "दादा, तुमचेच लाइट जरा पसरवा ना, म्हणजे कुठेही उभे राहिले तरी चालेल." पसरवले असते तर एकांकिकेची सगळी रात्र दुपार झाली असती.

जेवणाच्या सुट्टीत मी शिडीवर असताना काका खाली येऊन उभे राहिले. वर न बघताच म्हणाले, "तुमचे हे लाइट थंड का हो?"

मी एलईडीचं कौतुक सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग हळूच सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच. दोन वर्षं झाली. पावलं मोजून हालचाली बसवतात, खुर्चीपर्यंत सहा, खिडकीपर्यंत नऊ. शेवटच्या फूटभराचा हिशेब कपाळावर. स्पॉटची ऊब कपाळाच्या मधोमध लागली की जागा बरोबर. उजव्या कानशिलाला लागली की उजवीकडे सरकायचं.

"पोरीला सांगा की," मी म्हटलं.

"नका सांगू. पुढच्या वर्षी मला प्रॉम्प्टिंगला बसवतील. आणि ते तरी वाचू कसं?"

मी तेव्हाच दिग्दर्शिकेला सांगायला हवं होतं, हे आज कळतं. साडेतीन फुटांवरून या वयात माणूस पडला तर खुब्याचं हाड गेलंच समजा. पण समोर उभा राहून कुणी असं मागितलं की जीभ वळत नाही. मी हाताखालच्या पोराला टेम्पो घेऊन गोडाऊनला पिटाळलं आणि दोन स्पॉट, जुना डिमर मागवला. एक मधल्या जागेवर, एक खिडकीवर. खुर्चीला हात लावून त्यांना कळणार होतं.

दोन हजार वॉट म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. स्टेजमागच्या पॉवर सॉकेटवर तेवढा लोड बसत होता, पण डिमर अर्ध्यावर आणला की साउंडच्या स्पीकरमधून भुंगा घोंघावायला लागायचा. त्या जुन्या डिमरची ही खोडच. साउंडवाला माझ्यावर उखडला. शेवटी लाइन बदलली, चहाच्या बॉयलरचा सॉकेट मी घेतला आणि महिला मंडळाला गॅसवर चहा करायला लावला. त्यांनी मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. दिग्दर्शिकेनं विचारलं, हे जुने कशाला आणले? मी ठोकून दिलं, "चेहऱ्याला पिवळा रंग यांचाच चांगला येतो." तसं ते खरंही आहे.

तिसरी घंटा झाली. काका विंगेतून आले, सहा पावलं, खुर्ची. मग उठले, मध्यभागी आले. मी बोर्डावर हात ठेवून श्वास धरलेला. एक पाऊल जास्त गेले, थांबले, मान किंचित वर केली आणि अर्धं पाऊल मागे आले. गोलाच्या बरोब्बर मध्ये! लाइट घेतला. त्या हालचालीत आजोबा जुनं काहीतरी आठवत असल्यासारखे दिसले आणि पुढच्या रांगेतली एक बाई सुस्कारली. ब्लॅकआउटमध्ये नात खुर्चीला धडकली. काका न धडपडता बाहेर. अंधारानं त्यांना फरक पडत नव्हता.

शेवटचा प्रवेश संध्याकाळचा. आजोबा खिडकीपासून पुढे येतात, स्टेजच्या कडेपासून चार फुटांवर थांबतात आणि लांबलचक स्वगत. त्या मिनिटाभरात मी स्पॉट शंभरावरून तीसवर आणायचा आणि एलईडीची लाली वाढवायची. हा क्यू मीच सुचवलेला, मला फार आवडलेला.

सत्तर झालं, साठ झालं. काकांनी वाक्य म्हणत एक पाऊल पुढे टाकलं. पन्नास. आणखी एक. ते नाटकातलं चालणं नव्हतं. ऊब कमी होत होती आणि ते तिला शोधत पुढे येत होते. बोलण्यात कुठे अडखळणं नाही. कडेपासून दीड-दोन फूट उरले असतील.

मी डिमर झटक्यात शंभरावर नेला.

मावळतीच्या ऐन मध्यात सूर्य भस्सकन वर आला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. काका थांबले, मान वर झाली, दोन पावलं मागे गेले आणि राहिलेलं स्वगत तिथे उभं राहून संपवलं. मी ब्लॅकआउट दिला.

प्रयोगानंतर दिग्दर्शिका तरातरा बोर्डापाशी आली. "दादा, अख्खा शेवट घालवलात!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन महिन्यांची तालीम होती तिची. मी म्हटलं, "हात घसरला, ताई. चूक माझी."

स्पॉट गार व्हायला वेळ लागतो, तापलेले उतरवता येत नाहीत. दोन्ही तसेच वरच्या पाइपवर ठेवून मी केबल गुंडाळत बसलो. काका मेकअप पुसून आले आणि शेजारच्या खोक्यावर बसले.

"सूर्य परत का वर आला हो?"

"तुम्ही कडेला आला होता."

"किती?"

"दीड फूट राहिलं होतं."

ते गप्प झाले. मग नातीचं काम करणारी मुलगी त्यांना हाक मारत आली तशी तिच्या खांद्यावर हात ठेवून, आजोबांच्याच चालीनं निघून गेले.

घरी जाताना टेम्पोत सुचलं. कडेच्या अलीकडे तीन फुटांवर सतरंजीखाली जाड सुतळी ताणून टाकली असती तर पायाला लागली असती. दहा-वीस रुपयांची सुतळी, टेम्पोतच पडलेली, केबल बांधायची.