सुती चाचणीपट्टी, नोंद 7: निळी झाली, पण भलत्याच कारणाने

सुती पट्टीवर थेंब ठरलेल्या वाटेने चढावा आणि चाचणीच्या जागी रंग बदलावा, असा माझा खटाटोप चालू आहे. पाणी वाटेबाहेर पसरू नये म्हणून मागच्या वेळी मेणबत्तीच्या मेणाने भिंती आखल्या होत्या. इस्त्री फिरवली की मेण पसरून पाण्याची वाटच बुजवायचं. म्हणून आता मेण बंद, भिंतच विणली. कल्पना माझी नाही. बेंगळुरूच्या अचिरा लॅब्जने 2011 मध्ये रेशमी कापडावरच्या चाचण्या दाखवल्या, त्यात पाणी पिणारे आणि न पिणारे धागे एकत्र विणून वाट आखलेली होती. माझ्याकडे रेशीम नाही, हातभर चौकटीचा माग आहे.

ताण्यात (उभ्या धाग्यांत) मधोमध उकळलेल्या सुताचे आठ धागे, दोन्ही कडांना कच्चं सूत. कच्च्या कापसावर निसर्गतःच मेणाचा थर असतो, थेंब वर तसाच बसून राहतो. धुण्याच्या सोड्यात तासभर उकळलं की तेच सूत घटाघटा पाणी पितं. बाण्यालाही (आडव्या धाग्यांनाही) उकळलेलं सूत घेतलं, तर पाणी आडवं पळालं. दोन पट्ट्या त्यातच वाया. आता बाणा तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा. विणताना बोट कापतं, पण गळती थांबली.

वेग: 2 सेंमीला 9 सेकंद, 4 सेंमीला 41. अंतर दुप्पट तर वेळ चौपट, हे नियमाप्रमाणेच. वरचे पाच सेकंद पंख्याने खाल्ले असावेत.

खरी गंमत प्रथिनाच्या चाचणीत. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन दाखवणाऱ्या विकतच्या पट्टीत दर्शक (रंग बदलणारं रसायन) आम्लात पिवळा असतो आणि सामू (pH, आम्ल-अल्काचं माप) न बदलता, नुसत्या प्रथिनाने हिरवा-निळा होतो. मी ब्रोमोफेनॉल ब्लू हा तसाच दर्शक आणि लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) पट्टीवर सुकवलं, अंड्याचा पांढरा पाण्यात कालवून लावला. झकास निळं! घरात सगळ्यांना दाखवून झालं. रात्री सहज दुसऱ्या पट्टीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, तर तीही निळी. अंड्याचा पांढरा मुळात अल्कधर्मी, माझं आम्ल तुटपुंजं. मी प्रथिन नाही, सामू मोजत होतो. (लघवी फार अल्कधर्मी असली तर विकतची पट्टीही असाच चकवा देते.)

मग लिंबूफूल दाट केलं, त्यात चिमूटभर सोडा, सामू 3 च्या जरा खाली. आता सोड्याच्या पाण्याला पट्टी पिवळीच राहते, अंड्याला हिरवट होते. आधीच्या निळ्याइतकी देखणी नाही, पण खरी आहे.

अजून एक छळ: पाणी चढताना दर्शकाला सोबत ओढून नेतं आणि रंग टोकाला जाऊन साचतो. पुढच्या पट्टीत नमुना खालून न चढवता थेट चाचणीच्या जागी थेंब टाकणार आहे. ‘मग वाट विणलीस कशाला?’ असं आई विचारते.