पद आलं की कूलर बंद

सोलापुरात मे महिन्यात नाटक लावणारा माणूस एक तर हौशी असतो, नाही तर त्याला दुसरी तारीख मिळालेली नसते. आमच्या मंडळींचं दोन्ही होतं. निम्मे कलाकार शाळेत शिकवणारे, त्यामुळे सुट्टी लागल्याशिवाय तालमीला माणसं जमत नाहीत. हुतात्मा स्मृती मंदिराची तारीख पाहिजे तेव्हा मिळाली नाही, म्हणून एका कॉलेजचं सभागृह घेतलं. वर पत्रा, पत्र्याखाली सीलिंग, एसीचं नाव नाही. नाटक 'संगीत संशयकल्लोळ'. त्यात वैशाखशेठ नावाचं एक पात्र आहे. त्याला काम फार नाही, पण बाहेरच्या वैशाखानं त्याची सगळी कसर भरून काढली. पारा त्रेचाळीसच्या वर होता.

मी रंगभूषा करते. एरवी जुळे सोलापुरात माझं पार्लर आहे आणि मे म्हणजे ऐन लग्नसराई, त्यामुळे घामाशी माझी ओळख जुनी आहे. नाटकाचं काम मात्र वडिलांकडून आलं. ते गणपतीच्या मेळ्यांत आणि नाटकांत तोंडं रंगवायचे. सफेदा, पिवडी, हिंगूळ खोबरेल तेलात खलून रंग लावायचे आणि उन्हाळ्यात एकच सांगायचे : रंग जितका कमी, तितका तो जास्त टिकतो. नवरीचं एक बरं असतं, ती एका जागी बसते, फोटो काढून घेते. गाणारा नट तोंड उघडतो, तान घेतो, वर हॅलोजनच्या उजेडात उभा राहतो. त्याच्या मिशीचं गणितच वेगळं.

मिशीचंच सांगते. ओठावर मधोमध, नाकाच्या खाली जी पन्हळ असते, तिथं घाम सगळ्यांत आधी साचतो. अख्खी मिशी एका पट्टीत चिकटवली की मधून सुटते आणि पहिल्याच लांब तानेला एक टोक हवेत. म्हणून गाणाऱ्याची मिशी मी दोन तुकड्यांत लावते, मधली पन्हळ मोकळी सोडते आणि ओठाच्या कोपऱ्यापर्यंत डिंक नेतच नाही. स्पिरिट गम लावला की लगेच केस ठेवायचे नाहीत. बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं, मग ओल्या फडक्यानं दाबायचं. त्याआधी चेहऱ्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, मग तुरटीचं पाणी, मग पॅनकेक मेकअपचा अगदी पातळ हात. आणि घाम आला तर टिपायचा, पुसायचा नाही. हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या वेळा बोलले की भादव्याचं काम करणारा पोरगा मला 'टिपाताई' म्हणायला लागला.

खरी काळजी फाल्गुनरावाची, म्हणजे नाटकातल्या संशयी नवऱ्याची होती. हा माणूस एरवी बँकेत कॅशियर आहे, नोटा मोजताना समोरच्याकडे ज्या नजरेनं बघतो तीच नजर घेऊन रंगमंचावर येतो. त्याला मी डावी भुवई उजवीपेक्षा अंमळ वर चढवलेली क्रेपची लावली होती. सगळा संशय त्या भुवईत. पण डोक्यावर पगडी, पगडीखालून घामाचा ओघळ सरळ कपाळावर आणि तिथून भुवईवर. मग पगडीच्या आतल्या कडेनं टॉवेलची दोन बोटं रुंदीची पट्टी शिवून घेतली. सोलापुरात टॉवेलची चिंधी मागायला कुठं जावं लागत नाही, रेवतीचं काम करणारीच्या घरीच टॉवेलचे माग आहेत. पट्टी घाम पिते, भुवई कोरडी राहते. पहिल्या प्रवेशानंतर पगडी काढली तर पट्टी पिळता येईल इतकी ओली होती, म्हणून दुसरी पट्टी टाचणीनं लावायची तयारीही ठेवली होती.

आता कूलर. मांडववाल्याकडून चार लोखंडी डेझर्ट कूलर भाड्यानं आणले, दोन प्रेक्षकांत, दोन विंगेत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे कूलरच्या टाक्यांसाठी टँकर सांगावा लागला. हे सगळं माझ्या हट्टानं झालं. दुपारी रंगीत तालमीला चारही सुरू केले, तर ऑर्गनवाले सर पायडलवरून पाय काढून उठूनच उभे राहिले.

"बंद करा ते. मला माझा सूर ऐकू येईना."

"सर, बंद केले तर माझ्या मिश्या खाली येतील."

"मिशी खाली आली तर नाटक थांबत नाही. सूर खाली आला तर थांबतं."

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. घरघर तर होतीच, माईकही ती घरघर उचलत होते. त्याहून वाईट म्हणजे तबला. कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाते आणि तबला चढतो. कूलरची ओली हवा लागली की सैल पडून उतरतो. ऑर्गनच्या पट्ट्या तर असल्या हवेला दाद देत नाहीत. तबलजींनी सकाळी तबला ऑर्गनला लावला होता, कूलर सुरू झाल्यावर तो उतरला. हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसले. कूलर बंद केले तर तासाभरात पुन्हा चढला. पुन्हा हातोडी. शेवटी ते म्हणाले, "एक काय ते ठरवा बे. मी तबला वाजवायला आलोय, ठोकायला नाही."

दिग्दर्शक मध्ये पडले. त्यांना नाटकाचा इतिहास सांगायची सवय आहे, वेळ काळ बघत नाहीत. म्हणाले, देवलांनी हे नाटक आधी गद्यच लिहिलं होतं, 1893 मध्ये, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' नावानं. मूळ कथा मोलियरची, ती आर्थर मर्फी नावाच्या आयरिश नाटककारानं घेतली, त्यावरून देवलांनी. पदं नंतर घातली आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत म्हणून आणलं, बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. तात्पर्य काय, तर गाण्यांशिवायही हे नाटक उभं राहतं.

हे ऐकून ऑर्गनवाले सर जे लालबुंद झाले, त्यांना कुठला रंग लावायची गरज नव्हती. "मग मला कशाला बोलावलं? कूलरच लावा, तोच साथ करील."

तोडगा तबलजींनीच काढला. गद्य चालू असताना कूलर चालू, पद आलं की बंद. तबला ते कूलरपासून लांब, जाड फडक्याखाली ठेवणार आणि पदापुरता उघडणार. विंगेतल्या स्विचबोर्डपाशी एका पोराला बसवलं. पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम करणारा. संगीत नाटक त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याच्या शेजारी प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरच्या वहीत पदांच्या आधी लाल पेन्सिलीची खूण. खूण आली की प्रॉम्प्टर पोराच्या खांद्यावर टकटक करणार, पोरगा चारही बटणं पाडणार. पद संपलं की पुन्हा टकटक.

संध्याकाळी साडेसहाला तिसरी घंटा झाली. नांदी झाली आणि पहिल्या काही प्रवेशांत व्यवस्था झक्क चालली. इतकी झक्क की प्रेक्षकांना ती पाठ झाली. कूलर थांबला की लोक पंखे, पुठ्ठे, हातातल्या पत्रिका हलवायचं थांबून सावरून बसायचे. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला मोठ्यानं सांगताना मी विंगेतून ऐकलं, "गप. पद आलं."

माझं दुखणं निराळंच होतं. वन्स मोअर. अश्विनशेठ आमच्याकडे गातो छान. 'मृगनयना' दरबारीत आहे, दरबारी घाईघाईत उरकता येत नाही, आणि तो उरकणाराही नाही. पद संपलं, टाळ्या, वन्स मोअर. तोवर कूलर बंदच. सभागृह तापलेलं, आणि विंगेत फाल्गुनराव पगडी घालून, अंगरखा घालून, पुढच्या प्रवेशासाठी उभा. मी एका हातानं त्याला पुठ्ठ्यानं वारा घालतेय, दुसऱ्या हातानं टिपतेय. वन्स मोअरचंही वन्स मोअर आलं तेव्हा मी रसिकांना मनात काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण पुन्हा पुन्हा गाणाऱ्याची मिशी कुणाला तरी सांभाळावी लागते.

रेवतीचं मात्र उन्हानं भलं केलं. तिला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तेवढ्यात त्याची बायको कृत्तिका बघते आणि सगळा घोळ सुरू होतो. तालमीत ती घेरी नेहमी खोटी वाटायची. प्रयोगात इतकी खरी वाटली की मी बर्फाचा टॉवेल घेऊन विंगेच्या तोंडाशी गेले. आत आल्यावर म्हणाली, "ताई, खरी नव्हती ओ. पण पडल्यावर उठावंसंच वाटेना, खाली फरशी गार होती."

त्या घेरीत तिच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते. ती कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळत असताना फाल्गुनराव मागून येतो. परक्या पुरुषाची तसबीर आपल्या बायकोच्या हातात! नवरा-बायकोची जुगलबंदी सुरू झाली, कूलर घरघरतायत, लोक हसतायत. फाल्गुनराव तसबीर हिसकावून घेतो आणि प्रेक्षकांकडे वळतो. डावी भुवई जागच्या जागी. मी हुश्श केलं.

आणि चारही कूलर बंद.

काय झालं होतं, तर प्रॉम्प्टरला तहान लागली. तो पाण्याच्या बाटलीकडे वाकला, त्याचं कोपर पोराच्या खांद्याला लागलं. पोरानं इमानदारीत बटणं पाडली.

सभागृह एकदम चिडीचूप. सगळे सावरून बसले. आजींनी "पद आलं" म्हटलं. ऑर्गनवाल्या सरांचे पाय सवयीनं पायडलवर गेले आणि त्यांनी चक्क सूर भरला. तबलजींनी तबल्यावरचं फडकं काढलं. आणि मध्ये उभा फाल्गुनराव, ज्याच्या वाट्याला आमच्या प्रयोगात एकही पद नव्हतं आणि ज्याला आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही.

तो हलला नाही. आधी ऑर्गनकडे बघितलं. मग हातातल्या तसबिरीकडे. मग मान अगदी सावकाश वळवून विंगेच्या तोंडाशी असलेल्या कूलरकडे. भुवई जिथं मी चढवली होती त्याच्याही वर गेली.

"अस्सं!" तो म्हणाला. "इतका वेळ घुं घुं करून हिच्या कानात काय काय सांगत होतास, आणि मी आल्याबरोबर वाचा बसली?"

हशा सुरू झाला तो थांबेना. कृत्तिका शाळेत मराठी शिकवते, ती मागं राहणारी नव्हे. पदर सावरत म्हणाली, "त्यालाच विचारा की. तो तरी बिचारा थंड डोक्यानं सांगेल." टाळ्या. पोरगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, "अक्का, मी काय केलो?" मी म्हटलं, काही नाही केलंस, आता चालू कर. त्यानं बटणं दाबली, कूलर घरघरले आणि फाल्गुनराव दचकून दोन पावलं मागं सरकला, "आता बोलतो! चोराच्या उलट्या बोंबा!" पुन्हा हशा.

पुढचं नाटक ठरल्याप्रमाणे झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. अश्विनशेठच्या मिशीचा डावा तुकडा शेवटच्या प्रवेशाआधी सुटला, तो पुन्हा लावला. भरतवाक्य झालं, पडदा पडला. मी खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस घेऊन बसले, एकेकाचं तोंड उतरवत.

तिथं वाद पेटला. ऑर्गनवाले सर म्हणाले, देवलांच्या नाटकात कूलर म्हणजे अधर्म आहे. दिग्दर्शक म्हणाले, वाक्य फाल्गुनरावाच्या स्वभावात चोख बसलं, संशयी माणसाला कशातही पुरावा दिसतो. मला दोघांचं निम्मं निम्मं पटलं. त्या क्षणी ते वाक्य सोन्यासारखं होतं, कारण कूलर खरोखर बंद पडले होते आणि सभागृहातला प्रत्येक माणूस पदाची वाट बघत होता. तेच ठरवून केलं तर पाचकळपणा होईल. असं मी फाल्गुनरावाची भुवई तेलानं सोडवता सोडवता त्याला सांगितलंही. तो डोळे मिटून हं हं करत होता, मला वाटलं पटलंय.

पुढचा प्रयोग बार्शीला ठरलाय. सभागृह चांगलं आहे, पूर्ण एसी. मी खूश, सर खूश, तबलजी तर फारच खूश. परवा फाल्गुनरावाचा बँकेतून, जेवणाच्या सुट्टीत फोन. म्हणाला, "ताई, तो मांडववाला एकच कूलर बार्शीला पाठवील का, नुसता ठेवायला?"