तीन घटिका रात्र उरली तेव्हा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. माझ्या वाट्याची जागा मी आज आपल्या बाकांवर बसणाऱ्यांना देतो. ‘६ जून १६७४, शिवराज्याभिषेक’ ही ओळ दरवर्षी फळ्यावर लिहिली जाते आणि पाठ होते. पण त्या काळच्या मराठी कागदात जून नसतो, तिथी असते. मग तारीख आली कुठून? हे एका अस्सल नोंदीवरून समजून घ्या.

नोंद जेधे शकावलीतली आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातला हा कागद लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटना त्यात तिथीवार, एकेका ओळीत टिपल्या आहेत. राज्याभिषेकाची ओळ सांगते: शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, घटी २१ पळे ३४, वि ३८.४०, सी ४२, ‘तीन घटिका रात्र उरली तेव्हा’ महाराज सिंहासनी बसले.

पहिले काम नकलेचे. ओळ आहे तशी उतरवून घ्या. जुने लेखन सुधारू नका, ‘वि’ आणि ‘सी’ मनाने पुरी करू नका. अर्थ लावायचा तो वेगळ्या कागदावर. नक्कल आणि अर्थ एकाच वहीत मिसळले की महिन्याभराने मूळ कुठले आणि आपले कुठले, हे कळेनासे होते.

आता अंक. आधी संवत्सर, म्हणजे साठ नावांच्या चक्रातले वर्षाचे नाव, तपासा: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी मोजा. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८. प्रभवापासून अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंदच. म्हणजे शकाचा आकडा नकलताना बिघडलेला नाही. हाताने लिहिलेल्या कागदात १ आणि ९, ५ आणि ६ यांची गफलत फार होते, म्हणून हा ताळा कधीही सोडू नये.

घटी-पळांचा भाग या ओळीचा गाभा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. एक घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे, मोजणी सूर्योदयापासून. २१ घटी ३४ पळे म्हणजे सुमारे ८ तास ३८ मिनिटे. शुक्रवारी उजाडल्यापासून एवढ्या वेळाने द्वादशी संपली आणि त्रयोदशी लागली. ‘वि’ म्हणजे विशाखा नक्षत्र, ३८ घटी ४० पळांपर्यंत. ‘सी’ म्हणजे पंचांगातला सिद्ध योग, ४२ घटींपर्यंत. ज्येष्ठातल्या शुद्ध द्वादशीला चंद्र विशाखेच्या आसपासच असतो, तेव्हा हेही जुळते. तिथी, वार, नक्षत्र आणि योग चारही एकमेकांशी जुळवून खोटी नोंद रचणे फार अवघड. या नोंदीवर माझा भरवसा आहे तो यामुळे.

महाराज सिंहासनावर बसले ते तीन घटिका रात्र उरली असताना, म्हणजे सूर्योदयाआधी ७२ मिनिटे. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून लिहिणाऱ्याच्या लेखी अजून शुक्रवार होता, आणि उजाडताना जी तिथी होती तिच्या नावाने दिवस द्वादशीचा. प्रत्यक्षात त्रयोदशी चालू होती; राज्याभिषेक दिन त्रयोदशीला का पाळतात, याचे उत्तर इथे आहे. शकात ७८ मिळवले की १६७४ साल येते, आणि त्या सालचा हा शुक्रवार ५ जूनचा. मध्यरात्रीला वार बदलणाऱ्या हिशेबाने मात्र तो शनिवार, ६ जून. ओळीचा अर्धा भागच वाचणारा ५ जून लिहून मोकळा होतो.

अजून एक खड्डा आहे. मोबाइलच्या कॅलेंडरात ६ जून १६७४ टाकलेत तर बुधवार दिसेल. इंग्रज १७५२ पर्यंत जुने, ज्युलियन कॅलेंडर वापरत. सतराव्या शतकात ते आजच्यापेक्षा १० दिवस मागे होते. १६ जून टाका, शनिवार येतो. पुस्तकातली ६ जून ही जुन्या पद्धतीची तारीख आहे.

आता दुसरा साक्षीदार. मुंबईहून इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झेंडन तहासाठी रायगडावर आला होता. ६ तारखेला सकाळी सात-आठच्या सुमारास आपण दरबारात गेलो तेव्हा राजे सिंहासनावर बसलेले होते, असे तो लिहितो. विधी पहाटे, दरबार सकाळी: दोन्ही नोंदी एकमेकींत बसतात, आणि एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असण्याचा संभव नाही. साक्षीदार दोन हवेत ते असे, परस्परांशी संबंध नसलेले. एका बखरीवरून दुसरी उतरली असेल तर ती साक्ष एकच धरायची.

शकावली काय सांगत नाही तेही वहीत लिहा. विधी, खर्च, पाहुणे यांबद्दल या ओळीत काही नाही. म्हणून ते घडलेच नाही असे म्हणता येत नाही.

नववी-दहावीच्या मुलांनी याच शकावलीतली महाराजांच्या जन्माची नोंद घ्यावी: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार. ज्येष्ठासाठी शकात ७८ मिळवले, इथे ७९ मिळवा, कारण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते. साल १६३० येईल; जुन्या पद्धतीची तारीख १९ फेब्रुवारी. त्यात १० दिवस घाला, १ मार्चचा वार काढा आणि शुक्रवार येतो का ते स्वतः पाहा.