तुम्ही विचारलंत म्हणून: सेफ्टी इन्स्पेक्टरला पुढे काम मिळेल का?

इंजिनिअरिंग किंवा रसायनशास्त्र शिकलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक, मला हमखास विचारतात, "सेफ्टी इन्स्पेक्टर व्हायचं म्हटलं तर पुढे नोकऱ्या आहेत का हो?" आहेत. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेली नोकरी वेगळी आणि बहुतेकांना मिळते ती वेगळी.

डोळ्यांसमोर असतो सरकारी इन्स्पेक्टर: न कळवता कारखान्यात शिरणारा, मशीन बंद करायला लावणारा. ब्रिटनमध्ये १८३३च्या कायद्यानं असे पहिले चार नेमले गेले आणि त्या चौघांच्या वाट्याला आल्या सुमारे तीन हजार गिरण्या. हे गणित अजून बसलेलं नाही. विकसित देशांत दहा हजार कामगारांमागे एक आणि सगळ्यात गरीब देशांत चाळीस हजारांमागे एक इन्स्पेक्टर हवा, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ढोबळ निकष आहे. अनेक देश त्याच्याही खालीच आहेत. म्हणजे गरज भरपूर आहे, पण गरज आहे म्हणून पद भरलं जात नाही. पद भरायला पैसे मंजूर व्हावे लागतात, आणि जो अपघात टळला त्याचा हिशेब अंदाजपत्रकात कुठे दाखवणार?

तिजोरी उघडते ती माणसं मेल्यावर. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण गेले, त्यानंतर तिथले कायदे कडक झाले. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, तेव्हा कुठे कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि इंजिनिअर कारखान्या-कारखान्यांतून फिरून खांब, जिने, वायरिंग तपासू लागले. या दुसऱ्या उदाहरणात तपासणीचा खर्च ब्रँडनी उचलला होता, सरकारनं नाही. आजच्या नोकऱ्याही बऱ्याचशा अशाच बाजूला आहेत: कंपनीतला सेफ्टी ऑफिसर, सल्लागार संस्था, विमा कंपन्या, आयएसओ ४५००१चं (कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य यांच्या व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) ऑडिट करणारे. बांधकाम आणि रसायनं या क्षेत्रांत मागणी कायम असते, कारण तिथे एका चुकीची किंमत मालकालाही परवडत नाही.

पण माझ्या मते खरी वाढ होणार ती आजारांच्या बाजूला. कामामुळे जगात दरवर्षी अंदाजे २९ लाखांहून अधिक माणसं मरतात. त्यांतले अपघातात जाणारे सुमारे ३ लाख ३० हजार, बाकी सगळे आजारांनी. आमचा धंदा मात्र अजून पडणाऱ्या माणसाकडेच पाहतो. परांचीवरून कोणी पडलं की चौकशी बसते. दगड कापता कापता त्याची बारीक धूळ, म्हणजे सिलिका, फुफ्फुसात साठते ती दहा-वीस वर्षांनी आजार होऊन (सिलिकोसिस) बोलू लागते. तोवर कामगार तीन ठिकाणं बदललेला असतो आणि चौकशी कोणाची करायची हेच कळत नाही. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ पासून स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठीच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली ती याच आजारापायी. हवेतली धूळ, आवाज, उष्णता, वाफा मोजता येणारी आणि आकड्यांचा अर्थ लावू शकणारी माणसं मला तरी फार कमी भेटतात. नियम पाठ असलेली मात्र पुष्कळ.

"आता कॅमेरेच सगळं पकडतील की," असं त्यावर कोणीतरी म्हणतंच. हेल्मेट घातलंय की नाही हे कॅमेरा माझ्यापेक्षा चांगलं पाहतो, खुशाल पाहू दे. (हेल्मेट हा तसाही शेवटचा उपाय. आधी धोकाच काढून टाकायचा, नाही जमलं तर बदलायचा, नाहीतर माणूस आणि धोका यांच्यात आडोसा उभा करायचा.) पण मशीनचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण) का काढून ठेवलंय, हे ऑपरेटर सुपरवायझरची पाठ वळल्यावरच सांगतो. गार्ड लावून तासाचं टार्गेट पुरं होत नाही, हे त्याचं उत्तर असतं. तक्रार कोणी केली हे इन्स्पेक्टरनं फोडायचं नाही, असं १९४७ च्या आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलेलं आहे, ते उगाच नाही.

त्यामुळे नोकरी मिळेल का, याची मला फारशी काळजी वाटत नाही. कंपनीतल्या जागेसाठी मुलाखतीला गेलात तर पगाराआधी दोन गोष्टी विचारा: काम थांबवायचा अधिकार मला असेल का, आणि माझा अहवाल कोणाकडे जाईल. अहवाल प्रॉडक्शनच्या साहेबाकडे जात असेल तर तुमचं काम बहुतेक रजिस्टर भरण्याचं असेल. वर्षभर अनुभव म्हणून करा हवं तर, पण दुसरीकडे अर्ज टाकत राहा.