परक्या घरी नांदलेली गाणी

गाणं जन्मतं एका घरात आणि नांदतं कधीकधी भलत्याच घरात. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगने ‘रिस्पेक्ट’ लिहिलं आणि १९६५ साली गायलं. दोनच वर्षांत अरिथा फ्रँकलिनने ते गायलं आणि गाण्याचा पत्ता कायमचा बदलला. १९६७ च्या माँटेरे संगीत महोत्सवात खुद्द रेडिंगनेच मंचावरून सांगून टाकलं, की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं.

नेलं म्हणजे काय केलं, हे नीट पाहण्यासारखं आहे. शब्दांना तिने फारसा हात लावला नाही. रेडिंगच्या गाण्यात घरी परतणारा पुरुष मान मागतो. अरिथाच्या गाण्यात तोच मान बाई मागते, आणि मागता मागता वसूल करते. रेडिंगच्या चालीत मधला वेगळा तुकडा नव्हता. अरिथाच्या रेकॉर्डवर तिथे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो आणि त्याच्याखालच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, सॅम आणि डेव्ह या जोडीच्या एका गाण्यातून उचललेल्या आहेत. कॅरोलिन आणि अर्मा या तिच्या बहिणी मागून टोमणे मारल्यासारख्या साथ देतात. आणि ती प्रसिद्ध सुटी सुटी अक्षरं? आर-ई-एस-पी-ई-सी-टी अडीच मिनिटांपेक्षाही छोट्या गाण्यात अगदी शेवटाकडे येतात, तीही दोनदाच. वाद्यं क्षणभर अंग चोरतात आणि अक्षरं एकटी पडतात, म्हणून ती गाणंभर असल्यासारखी वाटतात.

दुसऱ्याचं गाणं आपल्या तऱ्हेने गायलं की त्याला कव्हर म्हणतात. चांगल्या कव्हरमध्ये बहुधा असंच दिसतं. गायक एक खांब हलवतो आणि त्यामुळे बाकीचं घर आपोआप नव्याने बसतं. इथे हललेला खांब म्हणजे ‘कोण गातंय’. एकही खांब न हलवता केलेलं हुबेहूब कव्हर ऐकलं की मूळ गाणं लावावंसं वाटतं, आणि ते लावलं की कव्हर विसरलं जातं. सगळेच खांब एकदम हलवणारेही असतात. लय वेगळी, पट्टी वेगळी, साध्या तीन कॉर्डच्या गाण्याला जागोजागी सातवे नि नववे स्वर चिकटवलेले. वादकाचं ज्ञान दिसतं, गाणं दिसत नाही.

सर्वात जास्त हलवला जाणारा खांब लयीचा. गाणं संथ केलं की ते आपोआप खोल होतं, असा एक लाडका समज आहे. ‘टिअर्स फॉर फिअर्स’ या बँडचं ‘मॅड वर्ल्ड’ १९८२ साली आलं तेव्हा ते सिंथेसायझरवरचं चांगलं पळणारं गाणं होतं. २००१ च्या ‘डॉनी डार्को’ या चित्रपटासाठी मायकल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांनी ते पियानोवर हळू केलं आणि लोक हेलावले. याचं कारण शब्दांत होतं. शब्द पहिल्यापासूनच उदास होते, मूळ गाण्याच्या वेगाने ते झाकले होते. झाकण काढलं एवढंच. पण ज्या शब्दांच्या तळाशी काही नाही त्यांच्यावरचं झाकण काढून काय निघणार? तरी त्यानंतर जाहिरातींत आणि चित्रपटांच्या झलकींत एकटा पियानो आणि कुजबुजता आवाज यांचा जो पूर आला, तो अजून ओसरलेला नाही.

संथ करताना पहिली अडचण श्वासाची येते. चार आवर्तनांची ओळ, प्रत्येक आवर्तनाला चार ठोके, म्हणजे सोळा ठोके. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ही ओळ आठ सेकंदांत संपते आणि एका दमात बसते. लय ६० वर आणली की तीच ओळ सोळा सेकंदांची होते, मध्ये दम तुटतो आणि नेमका शब्दाच्या पोटात तुटतो. म्हणून लय एकदम अर्धी करू नये. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावून शब्द आधी नुसते बोलावेत आणि दर वेळी दहाएक ठोके कमी करावेत. बोलताना वाक्य जिथे फाटतं त्याच्या थोडं अलीकडे थांबावं.

दुसरी अडचण किरकोळ शब्दांची. इंग्रजी गाण्यांत ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’ ही चिल्लर जलद लयीत निसटून जाते. लय हळू झाली की नेमकं एखादं ‘ऑफ’ दोन-दोन सेकंद ताणलं जातं आणि अर्थाचा भार त्याच्यावर पडतो. उपाय सोपा आहे. ताण पुढच्या महत्त्वाच्या शब्दावर सरकवायचा, चालीतला एखादा स्वर खुशाल अलीकडे-पलीकडे करायचा.

तिसरी अडचण जास्त फसवी आहे. जलद गाण्यातले बरेच शब्द ठोक्यावर न पडता ठोक्याच्या जरा आधी उडी मारतात. ड्रम चालू असतात तोवर ती उडी कळते. ड्रम काढले की कशावरून उडी मारली तेच ऐकणाऱ्याला समजत नाही आणि गायक लयीला कच्चा वाटतो. मग पियानोच्या डाव्या हातात किंवा गिटारच्या दाबलेल्या तारांवर बारीक ठोका चालू ठेवावा. तो नको असेल तर शब्द सरळ ठोक्यावर आणून बसवावेत.

जो कॉकरने हे कोडं तिसऱ्याच तऱ्हेने सोडवलं. ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे बीटल्सचं १९६७ चं गाणं त्यांच्या ड्रमरसाठी, रिंगो स्टारसाठी, बेतलेलं होतं. त्याच्या गळ्याची झेप बेताची, म्हणून चाल थोड्याच स्वरांत फिरते आणि शेवटच्या एका स्वरापुरती उंच जाते. लय टुणटुणीत, चार मात्रांची. कॉकरने १९६८ साली ती हळू केली आणि प्रत्येक मात्रेचे तीन भाग पाडले. त्यामुळे गाणं संथ झालं तरी थिजत नाही, पाळण्यासारखं झुलतं. मुळात साथीचे आवाज प्रश्न विचारतात आणि रिंगो भोळेपणाने उत्तरं देतो. कॉकरकडे प्रश्न साथीच्या गायिकांकडे जातात आणि उत्तराच्या जागी आरोळी येते. चालीत स्वर कमी होते, म्हणूनच आरोळ्यांना एवढी मोकळी जागा मिळाली. मूळ चाल भरगच्च असती तर कॉकर कुठे मावला असता?

पट्टीबद्दल. पुरुषाच्या पट्टीतलं गाणं बाईच्या गळ्यात न्यायचं तर साधारण षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम इतकं अंतर सरकावं लागतं. आधी गाण्यातला सर्वात उंच आणि सर्वात खालचा स्वर शोधावा. सगळे उंच स्वर सांभाळतात आणि अंतऱ्याची पहिलीच ओळ खर्जात बुडून पुटपुटल्यासारखी होते, ही नेहमीची चूक. गिटारवर ई पट्टीतलं गाणं एफमध्ये नेलं तर मोकळ्या तारांचा झंकार हरवतो. तिथे गिटारच्या गळ्यावर पहिल्या घरात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून ई चेच आकार वाजवावेत. आणि आणखी एक, शिखराचा स्वर फार सोपा करू नये. ‘ट्विस्ट अँड शाउट’ बीटल्सच्या आधी ‘टॉप नोट्स’ने १९६१ साली आणि आयझली ब्रदर्सने १९६२ साली गायलं होतं. बीटल्सने ते ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, दिवसभराच्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटी घेतलं, गाणाऱ्या जॉन लेननला सर्दी झालेली असताना. तो फाटलेला गळाच ते गाणं आहे. दोन स्वर खाली आरामात गायलं असतं, तर टापटीप झालं असतं आणि विसरलंही गेलं असतं.

जॉनी कॅशच्या ‘हर्ट’मध्ये मला हललेला खांब स्वरसंगतीचा वाटतो, वयाचा नंतर. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडच्या १९९४ च्या मूळ गाण्यात अंतऱ्याखालची गिटार मूळ स्वराशी तीव्र मध्यमाच्या अंतरावर असलेला स्वर छेडत राहते. षड्जावर तीव्र मध्यम असा नुसता लटकत ठेवला की कानाला चैन पडत नाही, आणि संगीतकाराला नेमकं तेच हवं होतं. शेवटी गाणं गोंगाटात फुटतं. २००२ च्या कव्हरमध्ये तो बोचरा स्वर नाही. ए मायनर, सी, डी, शिकाऊ हातालाही येतील अशा कॉर्ड. बोच वाद्यातून काढून घेतल्यावर ती गळ्यात आली, आणि गळा सत्तरीच्या आजारी माणसाचा. एक ओंगळ शब्द बदलून कॅशने काट्यांचा मुकुट आणला, तेवढ्याने गाणं प्रार्थनेच्या अंगाला झुकलं. गाणं लिहिणाऱ्या ट्रेंट रेझ्नरने पुढे म्हटलं, की ते आता माझं राहिलं नाही.

‘हालेलुया’ची गोष्ट अधिक गुंत्याची आहे. लेनर्ड कोहेनने १९८४ साली ते सिंथेसायझर आणि समूहस्वर घेऊन गायलं. जॉन केलने त्याच्याकडून कडव्यांची पानं मागवली, त्यांतली निवडली आणि १९९१ मध्ये पियानोवर गायली. जेफ बकलीने केलचं ऐकून १९९४ मध्ये इलेक्ट्रिक गिटारवर आपलं केलं. आज जे ऐकू येतं ते बहुतेक बकलीच्या कव्हरवरून केलेलं असतं, म्हणजे कव्हरच्या कव्हरचं कव्हर. म्हणून कुठलंही गाणं घेताना सर्वात जुनं ध्वनिमुद्रण आधी ऐकावं. बकलीवरून निघालात तर केलने गाळलेल्या कडव्यांची गाठच पडत नाही. या गाण्यात एक सापळाही आहे. पहिल्याच कडव्यात शब्द कॉर्डची नावं घेतात. चौथी, पाचवी, मग मायनरची उतरण, मेजरची चढण, आणि त्या त्या शब्दाखाली तीच कॉर्ड वाजते. तिथे कॉर्ड बदलण्याची हौस केली की गायक एक बोलतो आणि वादक दुसरं वाजवतो.

आणि ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’. बॉब डिलनचं गाणं १९६७ च्या डिसेंबरात आलं. गिटार, हार्मोनिका, बास, ड्रम, तीन कडवी, ध्रुवपद नाही, जेमतेम अडीच मिनिटं. जिमी हेंड्रिक्स पुढच्याच महिन्यात ते ध्वनिमुद्रित करायला बसला. चाल तीच, कॉर्डही त्याच उतरत्या तीन. कडव्यांमधल्या जागा डिलनने हार्मोनिकाने कशाबशा भरल्या होत्या, हेंड्रिक्सने तिथेच मुक्काम ठोकला. मधला लांब तुकडा तर चार वेगवेगळ्या आवाजांत आहे. आधी साधी गिटार, मग तारांवर घसरत जाणारी स्लाइड, मग वा-वा पेडलवर, म्हणजे आवाज वळवणाऱ्या पायपट्टीवर, बोलणारी, शेवटी नुसत्या कॉर्डची ठोकाठोक. शब्दांत येऊ घातलेलं वादळ डिलनने सांगितलं होतं, हेंड्रिक्सने ते कडव्यांच्या मधल्या जागेत आणलं.

१९७० मध्ये हेंड्रिक्स गेला. डिलन मैफिलींत हे गाणं गात राहिला, पण हेंड्रिक्सच्या वळणाने, आणि तसं त्याने स्वतः लिहूनही ठेवलं आहे. लेक माहेरी आली, ती सासरचंच बोलू लागली, आणि बापानेही तिचीच बोली उचलली.